इन्सिडंट फॉर्म कोरेच राहतात. घडलेल्या घटनांमधून रुग्णालयाने शिकावे कसे?

रानजाई

तालुक्याच्या ठिकाणी एका विश्वस्त संस्थेने चालवलेल्या ऐंशी खाटांच्या रुग्णालयात मी गुणवत्ता समन्वयक म्हणून काम पाहते. मूळची मी परिचारिका आहे. एनएबीएच या रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मंडळाच्या मानांकनाची तयारी सुरू झाल्यापासून आमच्या प्रत्येक वॉर्डात इन्सिडंट फॉर्मची, म्हणजे चूक किंवा अपघात घडला की भरायच्या नोंदीची, फाइल ठेवलेली आहे, पण तिच्यात येणारे फॉर्म बहुतेक दोनच प्रकारचे असतात: रुग्ण खाटेवरून पडला, किंवा कर्मचाऱ्याला सुई टोचली. औषधाचा डोस चुकला, रक्ताच्या नमुन्यावर शेजारच्या रुग्णाचे लेबल लागले, दोन सारख्या नावांच्या रुग्णांचे केसपेपर अदलाबदल झाले, असे आमच्याकडे कधी घडतच नाही, असे त्या फाइलवरून वाटावे. एवढ्या वर्दळीच्या रुग्णालयात हे शक्य नाही, हे वेगळे सांगायला नको.

अलीकडची गोष्ट सांगते. मेडिकल वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरने प्रतिजैविकाची व्हायल विरघळवण्यासाठी ट्रेमधून डिस्टिल्ड वॉटरची म्हणून जी ॲम्प्यूल उचलली, ती पोटॅशियम क्लोराइडची निघाली. फोडण्यापूर्वी तिने लेबल वाचले, म्हणून थोडक्यात निभावले. मला हे कळले ते तिसऱ्याच व्यक्तीकडून, चहाच्या वेळी. मी त्या सिस्टरला फॉर्म भरायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, पेशंटला काही झालं नाही, मग मी स्वतःहून मेमो कशाला घेऊ?” तिचे म्हणणे निराधार नाही, कारण यापूर्वी ज्या मुलीने प्रामाणिकपणे फॉर्म भरला होता, तिच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला आणि तो तिच्या सेवापुस्तिकेला जोडला गेला.

व्यवस्थापनाचे म्हणणे असे की जबाबदारी निश्चित केल्याशिवाय शिस्त राहणार नाही. डॉक्टर मंडळी म्हणतात की कागदावर आलेली गोष्ट उद्या कोर्टात जाईल. या दोन्ही आक्षेपांना मी काय उत्तर द्यावे? आणि समजा उद्यापासून फॉर्म येऊ लागले, तर एकटी समन्वयक त्यांचे नेमके काय करणार, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवली किंवा मोडताना पाहिली आहे, त्यांनी कृपया लिहावे.

औषधशाळा

मी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. फॉर्मचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून मी आधी त्या ॲम्प्यूलबद्दल लिहितो, कारण माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे.

पोटॅशियम क्लोराइडची आपल्याकडे सर्रास मिळणारी ॲम्प्यूल दहा मिलिलिटरची, १५ टक्क्यांची असते आणि तिच्यात २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिले तर ते उपचार ठरते. तेच न मिसळता शिरेतून एकदम गेले तर हृदय थांबते. डिस्टिल्ड वॉटरची ॲम्प्यूलही दहा मिलिलिटरचीच, तितकीच पारदर्शक आणि बऱ्याचदा त्याच ट्रेमध्ये. इंग्लंडमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००२ साली आपली पहिली सूचना काढली ती नेमकी याच द्रावणाविषयी होती. ते सर्वसाधारण वॉर्डांच्या साठ्यातून काढून घ्यावे आणि जेथे खरोखर लागते तेथेच वेगळे ठेवावे, असा तिचा गाभा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सुचवले, त्यांत संहत इलेक्ट्रोलाइट (म्हणजे अशा क्षारांच्या तीव्र) द्रावणांवरील नियंत्रण हा एक आहे.

तेव्हा उद्याच औषधभांडाराच्या प्रमुखांना बरोबर घेऊन मेडिकल वॉर्डातील या ॲम्प्यूल उचला. अतिदक्षता विभागात त्या कुलूपबंद डब्यात, ठळक लाल लेबलासह ठेवा. खरेदी समितीलाही एक प्रश्न विचारा: दरकरार बदलला की पुरवठादार बदलतो, पुरवठादार बदलला की ॲम्प्यूलचे रूप बदलते, आणि काल वेगळी दिसणारी दोन औषधे आज जुळ्या भावांसारखी दिसू लागतात, हे वॉर्डाला कळवण्याची जबाबदारी आपल्याकडे कोणाची आहे? बहुतेक ठिकाणी कोणाचीच नसते. “सर्वांनी लेबल काळजीपूर्वक वाचावे” असे परिपत्रक काढणे सोपे असते, पण त्या सिस्टरने लेबल वाचले होते आणि म्हणूनच ही घटना आपल्याला कळली आहे, याचा विसर पडू देऊ नका.

हे झाले की त्या वॉर्डात सर्वांना सांगा की ही सुधारणा या वॉर्डातून आलेल्या माहितीमुळे झाली. नाव घेऊ नका. घ्यायचेच असेल तर आधी तिची परवानगी घ्या. कळवल्यामुळे काही बदलते, हे एकदा दिसल्यावर पुढचा फॉर्म मागावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

फॉर्मच्या भाषेसाठी एक तयार नमुना आपल्याकडे आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालणाऱ्या, २०१० साली सुरू झालेल्या औषधदक्षता कार्यक्रमाचा दुष्परिणाम-नोंदीचा फॉर्म पाहा. माहिती गोपनीय राहील आणि फॉर्म पाठवणे म्हणजे कर्मचाऱ्याने किंवा उत्पादकाने दोष कबूल करणे नव्हे, असे त्यावर छापलेले आहे. तशाच दोन ओळी तुमच्या फॉर्मच्या माथ्यावर असाव्यात.

शिकण्याची साखळी तुटली की काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, तपासणी आणि औषध प्रशासन या सगळ्याच पातळ्यांवरील दोष उघड केले. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची लहान मुले मूत्रपिंड निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली आणि त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. वीसहून अधिक मुले गेली. विष तेच आणि यंत्रणेतील भोकेही ओळखीचीच. इतक्या तपशिलाचा अहवाल हाती असताना हे झाले, म्हणून अहवाल लिहून झाला की काम संपले असे मानण्याची मला भीती वाटते.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ या नात्याने औषधशाळा यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका बाबतीत सावध करतो. ऐंशी खाटांच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता फार्मासिस्ट जागेवर असेलच असे नाही. वॉर्डातून पोटॅशियम उचलले आणि त्याच रात्री रक्तातले पोटॅशियम धोकादायक इतके, २.३ वर, उतरलेला रुग्ण आला, तर सिस्टरला ते अतिदक्षता विभागातून आणावे लागेल, तेथे कुलपाची किल्ली शोधावी लागेल. आणि असे दोन-तीनदा झाले की चार ॲम्प्यूल कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये “अडीअडचणीला” जाऊन बसतील. ट्रेमध्ये उघड दिसणाऱ्या धोक्यापेक्षा ड्रॉवरमधला धोका वाईट असतो. म्हणून नियम करण्याआधी रात्रपाळीच्या दोन सिस्टरना बसवून विचारा की हे प्रत्यक्षात कसे चालेल. ज्यांनी कधी रात्रपाळी केली नाही त्यांनी रात्रपाळीचे नियम लिहिणे, हा आपल्या रुग्णालयांचा जुना छंद आहे.

आमच्या विषयात चूक अशक्य करण्यावर भर असतो. सिलिंडरच्या पिन इंडेक्स पद्धतीत प्रत्येक वायूच्या खिळ्यांची जागा वेगळी असल्याने नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूचा सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही; थकलेला, घाईत असलेला, नवखा माणूसही तो बसवू शकत नाही. पण याच क्षेत्रात २०१६ साली इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात नव्या शस्त्रक्रियागृहात ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड आले आणि दोन मुले दगावली. भिंतीमागची जोडणीच चुकलेली असेल तर सिलिंडरवरच्या पिना काय करणार? उपाय बसवला तरी तो वापरात आणण्यापूर्वी तपासला पाहिजे आणि तपासणाऱ्याचे नाव ठरलेले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुरक्षा-सूचीचेही तसेच आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांच्या अभ्यासात सूची वापरल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. ती सूची आज आपल्याकडेही असते, पण अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया संपल्यावर एकाच पेनाने, एकाच दमात सगळ्या रकान्यांत टिक करून ती केसपेपरला लावली जाते. तो कागद कोणालाही वाचवत नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी क्षणभर थांबून एकमेकांशी मोठ्याने बोलणे, यात तिचा जीव आहे.

एकटी समन्वयक काय करणार, या प्रश्नावर माझे मत असे की सगळ्या फॉर्मची चौकशी करूच नका. सगळे वाचा, महिन्यातून एकच घटना निवडा आणि तिच्या मुळाशी जा. निवडताना इजा किती झाली यापेक्षा हे पुन्हा घडले तर काय होऊ शकते ते पाहा. त्या हिशेबाने तुमची न फुटलेली ॲम्प्यूल खाटेवरून पडून खरचटलेल्या दहा रुग्णांपेक्षा मोठी घटना आहे.

निवृत्त सिस्टर

माझी सगळी नोकरी शासकीय रुग्णालयांत गेली आणि शेवटची काही वर्षे मी मेट्रन होते. व्यवस्थापनाच्या “जबाबदारी निश्चित करा” या वाक्याविषयी मला थोडे लिहायचे आहे, कारण त्या वाक्याचा प्रवास कोठे संपतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो रुग्णाला शेवटचा हात लावणाऱ्या व्यक्तीपाशी संपतो आणि ती व्यक्ती बहुधा परिचारिका असते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. निलंबने झाली, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा संपुष्टात आणल्या गेल्या, परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण गेले, आणि तेथेही परिचारिकांना अटक झाली. कोणी दोषी नव्हतेच असे मी म्हणत नाही; ते ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण वायरिंग कोणी केले, देखभालीचा करार होता का, धूर ओळखणारी यंत्रणा होती का, रात्री त्या कक्षात किती बाळांमागे किती सिस्टर होत्या, ही माहिती दुसऱ्या जिल्ह्याच्या इनचार्ज सिस्टरपर्यंत किती पोहोचली? तिच्यापर्यंत पोहोचली ती अटकेची बातमी. त्यातून ती एकच गोष्ट शिकली, ती म्हणजे काही झाले तर आपले नाव कागदावर असता कामा नये.

याउलट एक चांगली चौकट आपल्याकडे कागदोपत्री तरी आहे. माता मृत्यू अन्वेषणात प्रत्येक मातामृत्यूचा आढावा रुग्णालयाच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर घ्यायचा असतो आणि तो दोष देण्यासाठी नाही, असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून हे काम गोपनीय पद्धतीने चालवले आहे. केसपेपरवरून रुग्णाची, डॉक्टरची आणि रुग्णालयाची ओळख काढून टाकली जाते, मगच परीक्षक तो वाचतात, आणि निष्कर्ष सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मोठे कारण म्हणून त्यातूनच पुढे आले आणि त्यावर राज्यभर एकसारखी पद्धत बसवण्याचे काम झाले. आपल्याकडच्या आढावा बैठकांना मी बसले आहे. सूचना त्याच होत्या, पण पहिला प्रश्न “ड्यूटीवर कोण होतं?” हा असायचा, आणि तो विचारला गेला की खोलीतली बाकीची सगळी माणसे गप्प व्हायची.

तुम्ही व्यवस्थापनाकडून एवढे एकच लेखी घ्या: इन्सिडंट फॉर्म कोणाच्याही सेवापुस्तिकेला जोडला जाणार नाही आणि फॉर्मवरून खुलासा मागवला जाणार नाही. नशेत कामावर येणे, नोंदीत खाडाखोड करणे, जाणूनबुजून त्रास देणे, यांसाठी शिस्तभंगाचा मार्ग वेगळा आहे आणि तो वेगळाच राहावा. या दोन गोष्टी एका फाइलमध्ये आल्या की तुमची फाइल कोरी राहणार. आणि ज्या मुलीचा खुलासा जोडला गेला आहे, तो काढून घ्यायला लावा. त्याशिवाय तुमच्या परिपत्रकावर वॉर्डातली एकही सिस्टर विश्वास ठेवणार नाही.

तालुका कोर्ट

मी वकील आहे आणि रुग्णालयांच्या तसेच रुग्णांच्या बाजूनेही उभा राहिलो आहे. डॉक्टरांच्या भीतीबद्दल लिहितो.

भीती सर्वस्वी खोटी नाही. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने रुग्णसुरक्षेसाठी ठरावीक संस्थांकडे दिलेल्या माहितीला न्यायालयीन कामकाजातून संरक्षण मिळाले आहे. आपल्याकडे तसे संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी एखादा दस्तऐवज हजर करण्यास सांगू शकतो, आणि इन्सिडंट फॉर्म त्याला अपवाद ठरेल असे मी कोणालाही सांगणार नाही.

फौजदारी बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल डॉक्टरांना बरेच संरक्षण देतो. साधी चूक किंवा अपघात पुरेसा नाही, निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) कडे, विशेषतः निवृत्त सिस्टर यांनी लिहिले आहे त्या संदर्भात, लक्ष वेधतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची शिक्षा तेथे पाच वर्षांपर्यंत झाली आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडले तर ती दोन वर्षांपर्यंत आहे. या व्यावसायिकाची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील पात्रता व नोंदणीवर बेतलेली आहे, त्यामुळे परिचारिका, औषधनिर्माता किंवा तंत्रज्ञ तिच्यात बसत नाहीत. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात कमाल शिक्षा सर्वांना सारखीच दोन वर्षे होती. एकाच खाटेपाशी, एकाच घटनेत, डॉक्टर आणि सिस्टर यांना वेगवेगळी कमाल शिक्षा संभवते. सिस्टर फॉर्म भरायला का कचरतात, हे विचारताना व्यवस्थापनाने हे ध्यानात घ्यावे.

परंतु “लिहू नका” हा सल्ला मी कधीच देत नाही. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे, आणि ग्राहक आयोगापुढे नोंद नसणे किंवा नोंद नंतर बदललेली दिसणे हे मूळ चुकीपेक्षा महाग पडते. रुग्णाच्या बाबतीत जे प्रत्यक्ष घडले, जे औषध गेले, जे उपचार केले, ते त्याच वेळी केसपेपरवर आलेच पाहिजे. ती नोंद रुग्णाचीही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार ती तीन वर्षे जपायची आणि मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यायची असते. इन्सिडंट फॉर्म वेगळा ठेवावा आणि त्यात वस्तुस्थिती लिहावी: किती वाजता, कोठे, कोणत्या दोन ॲम्प्यूल, कोणत्या ट्रेमध्ये. “हलगर्जीपणा झाला”, “लक्ष नव्हते” असले शेरे लिहिणाऱ्याला ते लिहिण्याचा अधिकार नसतो आणि शिकण्यासाठी त्यांचा उपयोगही होत नाही. चर्चेच्या इतिवृत्तात नावे नसावीत. तुमच्या ॲम्प्यूलच्या घटनेत तर रुग्णाला इजाच नाही, त्यामुळे तेथे दाव्याची धास्ती जवळजवळ नाही. सुरुवात अशाच नोंदींपासून करावी.

पुण्याचा एक वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आईला रुग्णालयात ठेवले होते तेव्हा रोजच्या गोळ्यांत एका गोळीचा रंग बदललेला मला दिसला. मी दोन वेळा विचारले आणि दोन्ही वेळा “डॉक्टरांनी बदलली असेल” हे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ती बंद केली, पण काही सांगितले नाही. आपण सर्व जण कर्मचाऱ्यांनी फॉर्म कसा भरावा यावर लिहीत आहात. रुग्णाजवळ चोवीस तास बसलेला माणूस जे पाहतो, ते त्याने कोठे लिहायचे?

टेम्सकाठी

मी मूळचा सोलापूरचा, इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयात डॉक्टर आहे. वरील वाचकांचा प्रश्न मला या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. येथे नोव्हेंबर २०१४ पासून रुग्णालयांवर कायदेशीर बंधन आहे की लक्षणीय इजा झाली असेल तर रुग्णाला किंवा कुटुंबाला काय झाले ते सांगायचे, दिलगिरी व्यक्त करायची आणि पुढे काय समजले तेही लेखी कळवायचे. केवळ दिलगिरी व्यक्त केली म्हणून ती दोषाची कबुली ठरत नाही, हे २००६ च्या एका कायद्यात स्पष्ट केलेले आहे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या नव्या चौकटीत चौकशीचे प्रश्न ठरवतानाच कुटुंबाला काय जाणून घ्यायचे आहे ते विचारणे अपेक्षित आहे. गोळीचा रंग बदलल्याचे कर्मचाऱ्यांआधी मुलाने पाहिले असेल, तर चौकशी त्याच्याशिवाय पूर्ण कशी होणार? याच चौकटीने प्रत्येक गंभीर घटनेची ठरावीक साच्यातली चौकशी करण्याचा आग्रहही सोडला, कारण अहवालांचे ढीग झाले आणि “कर्मचाऱ्यांचे पुन्हा प्रशिक्षण करावे” हीच शिफारस सगळ्यांत येऊ लागली. भूलभुलैया यांनी सांगितलेली महिन्याला एक घटना त्या अनुभवाशी जुळते.

पण इकडे सगळे आलबेल आहे असा समज मात्र नको. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध शिरेतून द्यायचे असते. ते पाठीच्या कण्यातून गेले तर बहुतेक वेळा प्राणघातक ठरते. अशा घटना येथे वारंवार घडल्या होत्या, म्हणून २००० साली आरोग्य खात्याच्या अहवालाने २००१ अखेर त्या शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २००१ मध्ये, नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये एका अठरा वर्षांच्या तरुणाला तेच औषध कण्यातून दिले गेले आणि फेब्रुवारीत तो गेला. त्या रुग्णालयात नियम लिहिलेले होते. शिरेतून द्यायचे आणि कण्यातून द्यायचे अशी दोन्ही औषधे वेगवेगळ्या वेळी आणायची, हाही त्यांतला एक उद्देश होता. प्रत्यक्षात रुग्णाच्या सोयीसाठी ती एकत्र आली, सिरिंज दिसायला सारख्या होत्या, आणि नवख्या डॉक्टरला वरिष्ठाला ठामपणे अडवता आले नाही. एका डॉक्टरला पुढे शिक्षाही झाली. पण शिक्षेने सिरिंज बदलली नाही. हे औषध सिरिंजऐवजी छोट्या सलाइन-पिशवीतून देणे आणि कण्याच्या सुईला शिरेची सिरिंज बसूच नये अशी वेगळी जोडणी वापरणे, हे खरे उपाय रुजायला आणखी बरीच वर्षे लागली.

या उदाहरणातून मी रानजाई यांना एकच व्यावहारिक गोष्ट सुचवेन. चौकशी करताना “नियम काय होता” याआधी “एरवी हे काम कसे होते” ते विचारा. त्या रात्री काय झाले याबद्दल माणसे बचावाच्या पवित्र्यात जातात. रोज काय होते याबद्दल ती मोकळेपणाने बोलतात, आणि धोका बहुधा रोजच्या पद्धतीतच बसलेला असतो.

औषधशाळा

पुण्याच्या वाचकांसाठी: औषधदक्षता कार्यक्रमाचा रुग्ण व नातेवाइकांसाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही दुष्परिणाम कळवता येतो. पण आपण सांगितलेला प्रसंग दुष्परिणामाचा नाही, त्यामुळे तो तेथे बसेलच असे नाही. त्यासाठी रुग्णालयातच जागा हवी. आमच्याकडे गोळ्या देताना नाव व कारण मोठ्याने सांगण्याची पद्धत आहे. नातेवाइकाने “ही कालची नाही” म्हटले की गोळी हातातच थांबवायची आणि केसपेपर उघडायचा, असा नियम आहे. तो पाळला जातो का, हे गर्दीच्या दिवशी पाहावे लागते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून मी वैद्यकीय संचालकांपुढे ठेवली. मेडिकल वॉर्डातील ॲम्प्यूल उचलल्या आहेत. रात्री त्या अतिदक्षता विभागाच्या इनचार्जकडून मिळतील आणि सलाइनमध्ये मिसळताना दोघींनी तपासून सही करायची, असे रात्रपाळीच्या सिस्टरनीच सुचवले. फॉर्मवर गोपनीयतेच्या दोन ओळी येत आहेत. सेवापुस्तिकेतील खुलासा काढण्याला मात्र विश्वस्तांची मान्यता लागेल असे सांगण्यात आले आहे, आणि ती मिळेपर्यंत मी नव्या फॉर्मची घोषणा करणार नाही, असे मीही सांगितले आहे.

एक अडचण उरते. आमच्या रात्रपाळीच्या निम्म्या मुली एजन्सीमार्फत येतात. त्यांची सेवापुस्तिका आमच्याकडे नसतेच; तक्रार गेली की एजन्सी दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी पाठवते. आमचे लेखी आश्वासन त्यांना कसे लागू होणार?

निवृत्त सिस्टर

एजन्सीशी असलेल्या करारात कलम घाला की रुग्णालयाच्या इन्सिडंट फॉर्मच्या आधारे कोणालाही बदलले किंवा कमी केले जाणार नाही, आणि बदली मागायची असेल तर ती मेट्रनच्या सहीने, वेगळ्या कारणासह मागितली जाईल. कराराचे नूतनीकरण कधी आहे ते पाहा; तोपर्यंत त्या मुलींच्या घटना त्यांच्या नावाने न लिहिता पाळीच्या इनचार्जने स्वतःच्या सहीने लिहाव्यात. आणि हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना कामाची माहिती देण्याच्या, वेळी या मुलींना बाहेर उभे ठेवू नका. ट्रेमध्ये काय कोठे आहे हे सर्वांत कमी माहीत असलेली मुलगीच रात्री एकटी त्या ट्रेपाशी असते.